माळ्यावरची काठी

२ सप्टेंबर

बगळेबाई,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. 'सूनबाई' लिहिलं आणि खोडलं. तुमच्या दोघांच्या सह्यांचा कागद कोर्टातून आला, त्यानंतर तो शब्द वापरायचा मला हक्क आहे की नाही, कोणाला विचारू? नुसतं नाव लिहिलं तर बँकेने नोटीस पाठवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी हिने तुला ठेवलेलं नाव घेतलं. रविवार उजाडला की तू खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात तासन्तास उभी राहायचीस आणि ही इथून करवादायची, "गेली का तुमची बगळी?" ती रागाने म्हणायची, पण तुला ते आवडायचं. म्हणून तेच.

तर मुद्द्याचं. तुझी मासे धरायची काठी इथे विसरली आहे. ही माळा साफ करत होती आणि मला खालून डबे झेलायला उभं केलं होतं. डब्यांच्या मागून निळी पिशवी आली. पिशवी मीच शिवलेली, त्यामुळे उघडायच्या आधीच ओळखली. काठीचे चारही तुकडे शाबूत आहेत. रीळ आहे, रिळावर दोरी आहे, गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबीही आहे.  हिने पिशवी माझ्या हातात देऊन पुढचा डबा पुसायला घेतला.

तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही. पाण्याचे नमुने तपासतेस त्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर हे पत्र टाकतोय. काठी कुठे पाठवू ते कळव, म्हणजे नीट बांधून पाठवतो.

इकडे सगळं ठीक. दुकान बंद केलं. लोक आता कपडे शिवत नाहीत, विकत घेऊन वर मापाला शिव्या देतात. मी आराम करतो. आराम मानवतो, असं सगळे म्हणतात.

तुझा,
टेलर मास्तर

२१ सप्टेंबर

बगळेबाई,

उत्तर नाही. कामात असशील. मी काही वाट पाहत बसलेलो नाही, फक्त पोस्टमनच्या येण्याच्या वेळेला योगायोगाने दारात असतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायची माझी इच्छा नाही. पार्सल करण्याआधी माल तपासून द्यावा, ही माझी दुकानातली सवय. म्हणून काठी जोडून पाहिली. जोडली ती खोलीत मावेना, म्हणून गच्चीवर गेलो. गच्चीवर गेलो तर वारा होता, म्हणून खाडीवर गेलो. इतकं साधं आहे.

तुझ्याबरोबर मी इतके रविवार आलो, पण खडकावर बसून थर्मास धरण्यापलीकडे काही केलं नाही. लांबून वाटायचं, काय मोठं त्यात, काठी मागे न्यायची आणि पुढे आणायची. कसलं काय. माशीला वजनच नाही. चार पिसं आणि एक गळ. जे काही जातं ते दोरीच्या वजनाने जातं, हे तू शंभरदा सांगितलं होतंस, पण हाताला पटायला वेळ लागतो. माझी दोरी पुढे जाण्याऐवजी माझ्याच अंगावर पडत होती. दुसऱ्या दिवशी ही गंमत बघायला छत्री घेऊन आली, तर पहिल्या फेकीलाच गळ छत्रीत. म्हणाली, "माझं माप घ्यायचं होतं तर टेप आणायची होती."

दोरी सरळ का पडत नाही याचं कारण मी शोधून काढलं. महिनोन्‌महिने रिळावर गुंडाळून राहिल्याने तिला वेटोळी पडली होती. घडी पडली होती म्हण ना. आणि बगळेबाई, घडी दिसली की माझा हात कुठे जातो हे तुला माहीत आहे. उभा जन्म त्यात गेला. ओलं फडकं अंथरलं, इस्त्री रेशमाला ठेवतो तशी मंद ठेवली, आणि फिरवली.

दोरीला वरून प्लॅस्टिकचा लेप असतो हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

जवळजवळ अर्धी दोरी फडक्याला चिकटली. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली. ही दारातून म्हणाली, "काही नाही, मासे इस्त्री करतायत." मी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने असली दोरी आयुष्यात पाहिली नव्हती. त्याने मला क्रिकेटची जाळी दाखवली.

तर तुझी काठी शाबूत आहे, दोरी नाही. तू रागावलीस तर तुझं बरोबर आहे. पण रागावून का होईना, कळव.

टेलर मास्तर

१२ ऑक्टोबर

बगळेबाई,

पाकीट मिळालं. पोस्टमनला वाटलं औषध आहे. आत नवी दोरी, फिकट हिरवी, आणि चिठ्ठी: 'मास्तर, इस्त्री लांब ठेवा. भरती सुरू झाली की पहिल्या तासात उभे राहा. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, मगच पुढे या.' खाली सहीसुद्धा नाही. मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू हसशील.

हसलीस ना, इस्त्रीचं वाचून? मला फक्त तेवढं कळलं तरी पुरे.

थांबणं हेच मला जमत नव्हतं. मशीनवर बसलेल्या माणसाला पाय थांबवणं माहीत नसतं. पण परवा मान वळवून मागे बघत राहिलो. दोरी हवेत उलगडत गेली, पार सरळ झाली, आणि हाताला मागून हलकी ओढ लागली. तेव्हा पुढे आणली. अशी गेली, अशी गेली म्हणून सांगू, गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट पहिल्यांदा घालताच बसावा तशी. माशी पाण्यावर टेकली तर आवाजसुद्धा नाही. मी एकटाच "वा" म्हणालो. मासा काही नव्हता तिथे.

मासे आहेत, पण ते मला ओळखून आहेत. पाणी उथळ चिखलावर चढायला लागलं की रावस कोळंबीच्या मागे येतात. पाठीचे पर दिसतात, पाण्यावर रेघ उठते. माझी माशी पडली की रेघ वळून चालू लागते. म्हटलं, तुझ्या डबीतल्या माश्या जुन्या झाल्या असतील, आपण नवी बांधू. उशीतलं पीस काढलं, भरतकामाचा रेशमी दोरा घेतला, अशी भरगच्च बांधली, एक टोक बाहेर दिसणार नाही. लग्नात मिरवावी अशी. ती पाण्यात पडली आणि अर्धी खाडी रिकामी झाली. मग तुझी एक माशी भिंगाखाली धरून पाहिली. जेमतेम चार पिसं, मधून उजेड दिसतो. सगळं आयुष्य लोकांनी मला 'मास्तर, दाट टाके घाला' म्हणून सांगितलं, आणि इथे विरळ काम लागतं. माझ्या माशीची निम्मी पिसं उपटली तेव्हा कुठे एक रावस जवळ येऊन बघून गेला.

धक्क्यावर एक मासळीवाली बसते. तिने विचारलं, "बाबा, मिळाला तर किती घेणार?" म्हटलं, मिळाला तर सोडणार. मासा इजा न होता सुटावा म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकलाय, तुझ्यासारखाच. तिने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "घरी कोणी आहे का तुमच्या?"

आता कडू विषय. आमच्या चिरंजीवांचा फोन होता. मी तुला पत्रं लिहितो हे हिने त्याला सांगितलं असावं. म्हणाला, "बाबा, तिला तिचं जगू द्या. सारखी आठवण कशाला करून देता?" त्याच्या आवाजात राग नव्हता. शेवटी फोन ठेवता ठेवता विचारलं, "बरी आहे ना ती?" मी म्हटलं, दोरी पाठवली म्हणजे बरीच असणार.

तुमचं का मोडलं हे मी त्यालाही विचारलं नाही आणि तुलाही विचारणार नाही. पण त्याचं बोलणं मनात राहिलं. म्हणून सरळ विचारतो. या पत्रांचा तुला त्रास होत असेल तर एक ओळ टाक, मी थांबतो. थांबायला आता शिकलोय. तुमचं नातं संपलं ते कागदावर लिहून आलं. तुझं आणि माझं संपलं की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला ते कळायला हवं.

टेलर मास्तर

३ नोव्हेंबर

बगळेबाई,

'थांबा असं मी म्हटलेलं नाही.' एवढंच कार्ड. तुझ्या हाताला लिहायचा आळस आहे की माझ्यासारखा बडबड्या सासरा मिळाल्याने बोलायची सवयच मोडली? असो. कार्ड मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. ही रोज केस विंचरताना बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

आता ऐक. काल मासा लागला.

पाणी चढत होतं. रेघ दिसली, मी तिच्या पुढे माशी टाकली, हळूहळू दोरी ओढत राहिलो. रेघ वळली. या वेळी माझ्याच दिशेने वळली. दोरी जड झाली, आणि माझं सगळं अंग उठलं. काठी दोन्ही हातांनी वर, आभाळाकडे. माशी माशाच्या तोंडातून निघून माझ्या टोपीत अडकली. पुढचा तासभर मी नुसता उभा होतो.  घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "जेवता का आधी?" पण जेवताना तीनदा विचारलं, केवढा होता.

हात आपोआप वर जातो त्याला काय करावं? तू काय करायचीस ते आठवायचा खूप प्रयत्न केला, पण मी तेव्हा चहा ओतण्यात असायचो.

टेलर मास्तर

१६ नोव्हेंबर

बगळेबाई,

या वेळी खरंखुरं पत्र आलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. दारातच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

आधी माशाचं. 'मास्तर, काठी वर उचलायची नाही. काठी खालीच, पाण्याकडे, आणि दोरी हाताने सरळ मागे ओढायची. मशीनखालून कापड काढताना तुम्ही मला शिकवलं होतं तसं.' अगं, हे मला कसं सुचलं नाही? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू पडदे शिवायला बसलीस आणि कापड वर उपसून माझ्या सुया मोडायला लागलीस. मी ओरडलो होतो, कापड वर ओढू नकोस, सरळ मागे घे. तू ते लक्षात ठेवलंस. मी शिकवलेलं मलाच पोस्टाने परत आलं.

आता दुसरं. नवी नोकरी लागली, दूरच्या बंदरावर, पगार चांगला आणि काम मनासारखं. फार बरं वाटलं, खरंच वाटलं. तिथेही खाडी आहे, काठी लागेल, पाठवून द्या, असं लिहिलं आहेस. तुझीच काठी आहे, त्यात विचारायचं काय. आजच मेणकापड आणून पार्सलची खोळ शिवायला घेतली. कोपरे दुहेरी केलेत, वाटेत कोणी आपटलं तरी तुकड्यांना धक्का लागणार नाही. बऱ्याच दिवसांनी मशीनचं कव्हर काढलं. उद्या-परवा टाकतो.

माझी काळजी करू नकोस. नाहीतरी थंडीत पाण्यात उभं राहणं गुडघ्यांना बरं नाही. मला आराम मानवतो, हे मी तुला आधीच लिहिलंय.

रावस अजून येतायत. तुझ्या नव्या खाडीतही येत असतील. पहिला मिळाला की कळव.

टेलर मास्तर

१७ नोव्हेंबर

हे पत्र मी लिहितेय. त्यांना सांगितलेलं नाही.

मला त्यांच्यासारखं गोड लिहिता येत नाही, तेव्हा सरळ लिहिते. माझा तुझ्यावर राग आहे. तुमचं पटलं नाही, ठीक आहे, दोघांचं कोणाचं काय चुकलं मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तुझ्या बॅगेची चाकं वाजलेली ऐकली, दार लागलेलं ऐकलं. पाच वर्षं माझ्या शेजारी उभी राहून भांडी विसळलीस, आणि जाताना दारातून 'येते' एवढंसुद्धा म्हणाली नाहीस. मी हात पुसून बाहेर आले तोवर रिक्षा गेली होती. ते मला लागलं. अजून लागतं.

आता त्यांच्याबद्दल. ते तुला 'आराम करतो' म्हणून लिहितात, मी वाचलंय, पाकिटं मीच चिकटवते. आराम कसला? दुकानाला कुलूप लावून आले आणि खुर्चीत बसले ते उठेचनात. दाढी करायची तर मी मागे लागायचं. जेवायचं तर मी. माझ्याशीही बोलत नव्हते, आणि हा माणूस गप्प बसला म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. मग मीच माळा काढला. ती पिशवी तिथे आहे हे मला तू गेलीस त्या दिवसापासून माहीत होतं. मुद्दाम त्यांना खाली उभं केलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

आता भरतीची वेळ झाली की माणूस स्वतःहून उठतो, दाढी करतो. येताना चिखल घेऊन येतो, मी ओरडते, तो उलटून बोलतो. मला माझं घर परत मिळालं.

काल त्यांनी खोळ शिवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. आज भरती येऊन गेली. उठले नाहीत.

काठी तुझी आहे, नाही म्हणत नाही. पण पोस्टाने पाठवत नाही. आज खोळीची शिवण मीच उसवली. हवी असेल तर येऊन घेऊन जा. जाताना मला सांगून जा.

तुझी सासू. दुसरं काय लिहू?

११ डिसेंबर

बगळेबाई,

बस वेळेवर पोचली असेल. तू कळवशील तेव्हा कळवशील, मला धीर नाही म्हणून मीच आधी लिहितो.

हिने तुला पत्र टाकलं होतं हे मला तू दारात उभी राहिल्यावर कळलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण हिने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चपला बाहेर काढ, वाळू येते घरात." तू अजून खाडीवर गेलीसुद्धा नव्हतीस. मग तुम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलात आणि दार लोटून घेतलंत. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता, बोलणं कमी. मग एकदम हिचं रडणं ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिला असं मोकळं रडताना ऐकलं नव्हतं. तू काय म्हणालीस ते मला माहीत नाही, आणि ही सांगत नाही. बाहेर आली ती पदराने तोंड पुसत, आणि म्हणाली, "ही दोन दिवस राहणार आहे." मी पेपर उलटा धरला होता म्हणे.

आणि आपण तिघं खाडीवर गेलो तेव्हा तू काठी माझ्या हातात दिलीस आणि थर्मास स्वतः घेतलास. मी नको नको म्हणत होतो ते खोटं होतं.

तू पाहिलंसच सगळं, तरी लिहितो, कारण मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. रेघ आली. तू खडकावरून हळूच म्हणालीस, "मास्तर, थांबा." थांबलो. दोरी मागे सरळ झाली, पुढे गेली, माशी टेकली. ओढत राहिलो. दोरी जड झाली तेव्हा हात वर निघालाच होता, पण मला माझंच दुकानातलं ओरडणं ऐकू आलं. सरळ मागे घेतली. आणि मग जे रीळ सुटलंय. बोटाला दोरीची चीर पडली, अजून दुखते, आणि मी ती दिवसातून चारदा बघतो. ही मागून ओरडत होती, "ओढा, ओढा," आणि तू म्हणत होतीस, "पळू द्या त्याला." घरात हे असंच चालायचं, ही एक सांगणार आणि तू दुसरं. ते ऐकायला मी किती दिवस आसुसलो होतो, हे मला तिथे पाण्यात उभं असताना कळलं.

रावस हातात आला तेव्हा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरला. चांदीसारखा, आणि गळ्याखाली लांब, दोऱ्यासारख्या मिशा. चेपलेला गळ नुसत्या बोटाने निघाला. मला वाटलं, आता ही म्हणणार, एवढा चांगला मासा सोडता? तर हीच म्हणाली, "सोडा हो लवकर, जीव कासावीस झालाय त्याचा." तू दाखवलंस तसं त्याचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून धरलं. कल्ले हलायला लागले. शेपटीचा एक फटका बसला, माझा चष्मा भिजला, आणि हात रिकामे झाले. धक्क्यावरून मासळीवाली बघत होती. तिने कपाळाला हात लावला.

परवा रात्रीपासून हाताला झोप नाही म्हणून चार माश्या बांधल्या आहेत. विरळ. ही म्हणते, खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या शर्टांना बटणं लावून द्या, तेही करतो. मशीनचं कव्हर पुन्हा घातलेलं नाही.

निघताना तू दारात वळलीस आणि हिला म्हणालीस, "येते." ही म्हणाली, "ये."  मग गॅलरीत जाऊन बस वळेपर्यंत उभी राहिली.

आणि आता मुद्द्याचं. तुझी काठी पुन्हा इथेच राहिली आहे. न्यायला म्हणून आलीस, पिशवी नीट बांधलीस, आणि माझ्या खुर्चीला टेकवून गेलीस. या वेळी विसरलीस असं मी धरत नाही. म्हणून पत्ताही विचारत नाही.

मी ती माळ्यावर ठेवायला निघालो होतो, तर हिने हटकलं. म्हणाली, "वर कशाला? हाताशी असू दे." आता ती दाराच्या मागे उभी आहे. तिथे माझी इस्त्री असायची. ती हिने उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

तुझा,
टेलर मास्तर